मागचा अ‍ॅक्सल तुटल्यावर बसवलेला फोर्डचा नऊ इंची अ‍ॅक्सल आणि मापाने बनवून घेतलेले शाफ्ट : एक परीक्षण

माझी हॉट रॉड, म्हणजे ताकदीचे इंजिन लावून बदललेली जुन्या धाटणीची मोटार, १९३२ च्या फोर्ड रोडस्टरच्या धर्तीवर बांधलेली आहे. पुढे व्ही-८ इंजिन, त्यामागे टर्बो-हायड्रामॅटिक ३५० गिअरबॉक्स आणि मागे फोर-लिंक सस्पेन्शन, म्हणजे मागच्या चाकांमधला आडवा भाग चार दांड्यांनी सांगाड्याला जोडणारी सोय, अशी तिची रचना आहे. ती मी बांधलेली नाही, बांधून तयार असलेली घेतली. तिचा मागचा अ‍ॅक्सल एका जुन्या प्रवासी मोटारीतून काढलेला होता आणि फोर-लिंकचे ब्रॅकेट त्याच्या नळ्यांवर वेल्ड केलेले होते. या अ‍ॅक्सलचा उजवा शाफ्ट तुटला. त्यानंतर मी संपूर्ण अ‍ॅक्सल बदलला आणि फोर्डच्या नऊ इंची रचनेचे नवे हाउसिंग (बाहेरचे कवच), नवे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) व ३१ स्प्लाइनचे, म्हणजे आतल्या टोकावर ३१ लांबट दात असलेले, मापाने बनवून घेतलेले दोन शाफ्ट बसवले. त्या रचनेविषयी, त्या शाफ्टविषयी आणि ज्या कारखान्याने ते बनवून दिले त्याच्या कामाविषयी येथे लिहीत आहे. त्यातही कारखान्याच्या कामाला मी सर्वांत वरचे स्थान देतो. चांगल्या पोलादाचे शाफ्ट अनेक जण विकतात. परंतु आधीचा शाफ्ट कशाने तुटला हे समजल्याशिवाय नवा कापणार नाही, असे सांगणारा कारागीर विरळा.

तुटण्याचा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण पुढची निवड त्यातूनच झाली. गाडी हळू वळत असताना मागून एक कोरडा आवाज आला, इंजिनची गती एकदम वाढली आणि चाकांना मिळणारी ओढ पूर्णपणे थांबली. साध्या डिफरन्शियलमध्ये असेच घडते. एका बाजूचा शाफ्ट तुटला की त्या बाजूचे साइड गिअर, म्हणजे शाफ्टचे आतले टोक ज्यात बसते ते दातेरी चाक, मोकळे फिरू लागते आणि जिकडे विरोध नाही तिकडे सगळी गती निघून जाते, त्यामुळे शाबूत चाकालाही ओढ मिळत नाही. याच कारणाने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘पी’मध्ये टाकूनही अशी गाडी जागेवर थांबत नाही, कारण ‘पी’ फक्त गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला अडवते आणि डिफरन्शियलमधील गिअर एकमेकांवर फिरत राहून गाडीला घरंगळू देतात. ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांनी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. तुटलेल्या बाजूचे चाक बोटभर बाहेर सरकलेले दिसले. जुना अ‍ॅक्सल सी-क्लिपचा होता, म्हणजे त्यातील शाफ्ट आतल्या टोकाला, डिफरन्शियलच्या पोटात बसवलेल्या इंग्रजी ‘सी’ आकाराच्या छोट्या क्लिपने धरलेला असतो. बाहेरच्या टोकाचे बेअरिंग चाकाचा भार पेलते, पण शाफ्टला बाहेर येण्यापासून अडवत नाही. असा शाफ्ट क्लिप आणि बेअरिंग यांच्यामध्ये कुठेही तुटला, तर चाकासह उरलेल्या भागाला हाउसिंगमध्ये धरून ठेवणारे काहीच उरत नाही. या गाडीत मागे डिस्क ब्रेक असल्याने कॅलिपरने डिस्कला आणि डिस्कने चाकाला अडवले. ड्रम ब्रेक असते आणि वेग जास्त असता, तर चाक शाफ्टसकट निघून गेले असते. सी-क्लिपचे अ‍ॅक्सल असंख्य मोटारींत वर्षानुवर्षे निर्धोकपणे चालतात हे खरे आहे. पण रुंद टायर आणि दुप्पट ताकदीचे इंजिन लावलेल्या गाडीत शाफ्ट तुटण्याची शक्यता गृहीत धरावी लागते, आणि तो तुटल्यावर चाक जागेवर राहील की नाही, हा निवडीचा पहिला निकष ठरतो. माझ्यासाठी तरी तो ठरला.

नवे सामान मागवण्याआधी मी तुटलेले दोन्ही तुकडे पुसून कारखान्याकडे पाठवले, आणि येथून त्यांच्या सेवेचे वेगळेपण दिसू लागले. शाफ्ट निव्वळ जास्त जोर पडून तुटला असेल, तर त्याच्या स्प्लाइन पिळवटलेल्या दिसतात. सरळ असायला हव्यात त्या रेषा मळसूत्राप्रमाणे वळलेल्या असतात, कारण पोलाद तुटण्याआधी पिळले जाते. माझ्या तुकड्यांवरच्या स्प्लाइन सरळ होत्या. तुटलेल्या पृष्ठभागावर, स्प्लाइन जिथे संपतात त्या ठिकाणी कडेपासून आत सरकत गेलेली, झाडाच्या खोडाच्या कापावर दिसावीत तशी वलये होती आणि मध्यापाशी थोडासाच भाग खडबडीत, ताज्या तुटीचा होता. याचा अर्थ तडा एका दिवसात पडलेला नव्हता. तो कडेला सुरू झाला, प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडा थोडा आत गेला आणि उरलेले पोलाद अगदी अपुरे पडल्यावर त्या सावकाश वळणावर शाफ्टचे दोन तुकडे झाले. वलये सर्व बाजूंनी आत गेलेली होती, म्हणून शाफ्ट फिरताना प्रत्येक फेऱ्यात वाकत होता, हा निष्कर्ष निघतो. पिळाने आलेला थकवा आणि वाकण्याने आलेला थकवा यांच्या खुणा वेगळ्या असतात, आणि येथे दुसऱ्या प्रकारच्या खुणा स्पष्ट होत्या.

हा निष्कर्ष आकड्यांशीही जुळतो. समजा, इंजिन ४०० न्यूटन-मीटर पीळ देते, गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.५२ पट आहे आणि क्राउन-पिनियनचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचे छोटे दातेरी चाक (पिनियन) आणि ते ज्याला फिरवते ते मोठे चाक (क्राउन) यांचे, प्रमाण ३.५० आहे. तिघांचा गुणाकार सुमारे ३,५०० न्यूटन-मीटर होतो आणि तो दोन शाफ्टमध्ये वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १,७५० येतात. परंतु टायर जमिनीवर जेवढी पकड घेऊ शकतो त्याहून जास्त पीळ शाफ्टवर सहसा येऊच शकत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. हलक्या हॉट रॉडमध्ये सुटण्याच्या क्षणी मागच्या एका चाकावर फार तर ४०० किलो भार येतो. पकड भाराइतकीच धरली आणि टायरची त्रिज्या ३६ सेंटिमीटर घेतली, तर ही मर्यादा सुमारे १,४०० न्यूटन-मीटरवर येते. सुस्थितीतला शाफ्ट हा पीळ सहन करतो. घसरत फिरणाऱ्या चाकाला अचानक पकड मिळाली तर बसणारा धक्का याहून पुष्कळ मोठा असतो, आणि खऱ्या शर्यतीच्या चिकट टायरवर हे गणित बदलते. पण रस्त्यावरच्या हलक्या गाडीचा शाफ्ट स्प्लाइन न पिळवटता तुटला, तर शंका आधी इंजिनवर न घेता हाउसिंगवर घ्यावी, हे कारखान्यातील कारागिरांचे म्हणणे मला पूर्ण पटले.

हाउसिंगवर शंका घेण्याचे कारण वेल्डिंग होते. अ‍ॅक्सलची नळी लांब आणि पोकळ असते. तिच्या एकाच बाजूला ब्रॅकेट वेल्ड केले की वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. नजरेला हे वाकणे दिसत नाही. मात्र नळीचे बाहेरचे टोक मिलिमीटर-दोन मिलिमीटरनेही कलले, तर बेअरिंग आणि डिफरन्शियलचे साइड गिअर एका रेषेत राहत नाहीत. शाफ्टचे एक टोक एका अक्षावर आणि दुसरे टोक दुसऱ्या अक्षावर धरले जाते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याला एकदा इकडे व एकदा तिकडे वाकावे लागते. हे वाकणे स्प्लाइनच्या शेवटाशी, म्हणजे शाफ्टच्या सर्वांत नाजूक जागी एकवटते. जुने हाउसिंग तपासणीच्या दांड्यावर चढवले तेव्हा उजवी नळी ब्रॅकेटच्या बाजूला वाकलेली निघाली. मी त्याच हाउसिंगमध्ये दुप्पट मजबूत शाफ्ट बसवला असता तर तोही तुटला असता, कदाचित थोडा उशिरा.

आता रचनेविषयी. फोर्डने हा अ‍ॅक्सल १९५७ पासून १९८६ पर्यंत आपल्या मोटारी आणि हलक्या ट्रकमध्ये वापरला. त्याच्या क्राउन गिअरचा व्यास नऊ इंच, म्हणून त्याचे नाव नऊ इंची. मूळ कारखान्यातून तो येणे थांबून अनेक दशके झाली, तरी त्याचा प्रत्येक भाग आजही नवा बनतो, यामागे तीन कारणे आहेत आणि तिन्ही माझ्या अडचणीशी थेट संबंधित आहेत.

पहिले म्हणजे शाफ्ट धरण्याची पद्धत. येथे सी-क्लिप नसते. बेअरिंग शाफ्टवर प्रेसने बसवलेले असते, त्याच्या आतल्या बाजूला एक कडे तसेच घट्ट बसवलेले असते, आणि हाउसिंगच्या टोकाला चार बोल्टने आवळलेली रिटेनर पट्टी त्या बेअरिंगला बाहेर येऊ देत नाही. शाफ्ट आत स्प्लाइनपाशी तुटला तरी बाहेरचा भाग चाकासह जागेवर राहतो. बेअरिंगच्या बाहेर, चाक ज्या चकतीला बसते त्या फ्लँजपाशी तुटला तर मात्र ही सोय उपयोगी पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दुसरे कारण पिनियनच्या आधाराचे आहे. बहुतेक अ‍ॅक्सलमध्ये पिनियनला मागे-पुढे दोन टेपर बेअरिंग असतात आणि त्याचे दातांकडचे टोक मोकळे लोंबते. येथे त्या टोकाच्याही पलीकडे एक तिसरे छोटे बेअरिंग असते, त्यामुळे जोर पडल्यावर पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जात नाही. तिसरे कारण दुरुस्तीचे. क्राउन, पिनियन आणि डिफरन्शियल हे सर्व एका स्वतंत्र ओतीव केसमध्ये बसवलेले असते आणि दहा नट काढले की तो संपूर्ण गड्डा पुढच्या बाजूने बाहेर येतो. शाफ्ट तुटल्यावर आत अडकलेला स्प्लाइनचा तुकडा काढणे आणि पोलादाचे कण धुऊन टाकणे हे काम गाडीखाली आडवे पडून करण्याऐवजी टेबलावर, उजेडात करता येते. जुन्या अ‍ॅक्सलचा तुकडा काढताना किती वेळ गेला हे आठवले की या सोयीची किंमत कळते.

जुने, भंगारातून काढलेले नऊ इंची केस घेणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. ज्या केसवर ‘एन’ हे इंग्रजी अक्षर ओतलेले असते ते नोड्युलर लोखंडाचे, म्हणजे अधिक चिवट असते आणि म्हणून त्याला मागणीही जास्त असते. मी नवे केस घेतले, कारण जुन्या केसची बेअरिंगची बैठक झिजली आहे की नाही हे विकणारा सहसा मोजून देत नाही.

या रचनेचे दोषही आहेत. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपेक्षा बरेच खाली बसवलेले असल्याने दात एकमेकांवर जास्त घासतात, तेल अधिक तापते आणि इंजिनची थोडी ताकद तेथे खर्च होते. मजबुती याच रचनेतून येते, पण ती फुकट मिळत नाही. वजनही जास्त आहे आणि हलक्या गाडीत मागच्या चाकांबरोबर उसळणारे हे वजन खडबडीत रस्त्यावर जाणवते. मागच्या बाजूला उघडता येणारे झाकण नसल्याने गिअरची स्थिती पाहायची तर सगळा गड्डाच काढावा लागतो. त्याच्या खालच्या नटांवर सॉकेट नीट बसत नाही, तेथे रिंग पाना लागतो. नटांखाली तांब्याचे वॉशर घातले नाहीत तर स्टडच्या आट्यांमधून तेल झिरपते, आणि हे वॉशर माझ्या सामानात आले नव्हते, वेगळे मागवावे लागले.

शाफ्टकडे वळतो. नऊ इंची अ‍ॅक्सलमध्ये मूळचे शाफ्ट २८ किंवा ३१ स्प्लाइनचे असत. स्प्लाइनची संख्या ही व्यासाचीच दुसरी खूण आहे. दातांचा आकार तोच ठेवून संख्या वाढवली की व्यास वाढतो : २८ स्प्लाइनचा शाफ्ट सुमारे १.२ इंचांचा, ३१ चा सुमारे १.३३ इंचांचा आणि बाजारात मिळणारा ३५ चा दीड इंचाचा असतो. पिळाला तोंड देण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून २८ वरून ३१ वर गेले की ती सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि ३१ वरून ३५ वर गेले की आणखी चाळीस टक्क्यांहून जास्त. रस्त्यावर चालणाऱ्या हलक्या हॉट रॉडला ३१ पुरेसे आहेत, असे कारखान्याने सांगितले आणि ३५ चे शाफ्ट विकण्याचा आग्रह धरला नाही. जास्त महाग वस्तू ग्राहक स्वतः मागत असताना त्याला ती नको म्हणून सांगणे, हे मी त्यांच्या सचोटीचे लक्षण मानतो.

पोलादाचा प्रश्नही त्यांनी असाच समजावून सांगितला. १५४१ एच या मँगनीजयुक्त मध्यम कार्बनच्या पोलादाचा शाफ्ट इंडक्शन पद्धतीने, म्हणजे विजेच्या साहाय्याने पृष्ठभाग तापवून, वरून कडक केला जातो आणि त्याचा गाभा मऊ राहतो. ४३४० या निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम असलेल्या पोलादाचा शाफ्ट आरपार कडक केलेला असतो. पहिला प्रकार रस्त्यासाठी योग्य आहे, कारण कडक आवरण वाकण्याच्या थकव्याला चांगले तोंड देते आणि मऊ गाभा तड्याला सहज आत जाऊ देत नाही. दुसरा ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, निवडला जातो, कारण तेथे सुटताना बसणारा मोठा पीळ पुन्हा पुन्हा सहन करून परत मूळ स्थितीत येण्याला महत्त्व असते. मी पहिला प्रकार घेतला. जुने २८ स्प्लाइनचे शाफ्ट आखूड करून पुन्हा स्प्लाइन पाडून घेण्याचा स्वस्त मार्गही अनेक जण विचारतात. त्यांतील बऱ्याच शाफ्टचा मधला भाग निमुळता असतो. तो कापला की नव्या स्प्लाइन पाडायला पुरेसा व्यासच उरत नाही, आणि कडक केलेले आवरणही कापले जाते. त्या मार्गाने जाऊ नये.

मागणी नोंदवताना कारखान्याने जी माहिती मागितली तिची यादी लांब होती, पण तिच्यातील एकही बाब अनावश्यक नव्हती. हाउसिंगच्या एका टोकाच्या तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंतचे अंतर, चाक जिथे टेकते त्या दोन पृष्ठभागांमधील अंतर, पिनियन गाडीच्या मध्यरेषेपासून किती सरकलेला आहे, बेअरिंग ३.१५० इंच बाह्य व्यासाचे मोठे की २.८३५ इंचाचे लहान, ब्रेक कोणता आणि त्याची पट्टी किती जाडीची, चाकाच्या बोल्टचे वर्तुळ ४.५ इंचाचे की ४.७५ की जुन्या फोर्डचे ५.५ इंचाचे, चाकाच्या मध्यछिद्राचा व्यास आणि स्टडची लांबी. शिवाय डिफरन्शियल कोणत्या प्रकारचे, कारण शाफ्टचे आतले टोक साइड गिअरमध्ये किती खोल जायला हवे आणि मध्यावरच्या ठोकळ्याला टेकता कामा नये, हे त्यावर ठरते. हे सर्व मोजताना गाडीवर बसवायचे टायर आणि चाकेच वापरावीत, असा त्यांचा आग्रह होता. हॉट रॉडमध्ये फेंडर आणि टायर यांच्यात जागा इतकी थोडी असते, की कागदावरच्या मापाने केलेली ऑर्डर अर्ध्या इंचानेही फसू शकते.

सर्वांत जास्त शिकवून गेला तो कामाचा क्रम. सामान्यपणे लोक तयार हाउसिंग घेतात, त्यावर आपल्या सस्पेन्शनचे ब्रॅकेट वेल्ड करतात आणि शाफ्ट आत घालून गाडी चालवू लागतात. या कारखान्याने हाउसिंग टोकांशिवाय दिले. त्यावर ब्रॅकेट वेल्ड करून ते परत पाठवायला सांगितले, आणि वेल्डिंग कसे करायचे याच्याही सूचना दिल्या : थोडे इकडे, थोडे तिकडे, मध्ये थंड होऊ देत, आणि समोरच्या बाजूचा ताण समतोल राहील असे. हाउसिंग परत गेल्यावर त्यांनी केसच्या बेअरिंगच्या जागी चकत्या बसवून त्यांतून घासून सरळ केलेला जाड पोलादी दांडा आरपार घातला, नळ्या कुठे वाकल्या आहेत ते पाहिले, विरुद्ध बाजूला तापवून आणि आकसू देऊन त्या सरळ केल्या, आणि बेअरिंगची टोके शेवटी, त्याच दांड्यावर बसवून वेल्ड केली. सर्व थंड झाल्यावर दांडा हाताने फिरवला आणि बाहेर ओढला, तेव्हा तो कुठेही अडला नाही, एवढीच परीक्षा. त्यानंतर प्रत्यक्ष हाउसिंग मोजून शाफ्ट कापले. म्हणजे माझे आकडे त्यांनी नियोजनासाठी वापरले, आणि पोलाद मात्र स्वतः घेतलेल्या मापावर कापले.

बसवण्याच्या कामात फार अडचण आली नाही. बेअरिंग आणि कडे प्रेसखाली एकामागून एक, वेगवेगळे बसवले. दोन्ही एकदम ढकलले तर जोर बेअरिंगमधून जातो आणि ते आतून दुखावते. बेअरिंग चढवण्याआधी रिटेनर पट्टी शाफ्टवर घालून ठेवावी लागते, कारण नंतर ती जात नाही. हातोडा कुठेही वापरला नाही. शाफ्ट जागेवर बसल्यावर फ्लँजला डायल गेज लावून फिरवून पाहिले, तेव्हा दोन्ही बाजूंचा डगमग दोन-तीन हजारांश इंचाच्या आत होता, आणि हा आकडा कारखान्याने स्वतःच्या तपासणीच्या कागदावर लिहून दिलेल्या आकड्याशी जुळला. डिफरन्शियल क्लचचे, म्हणजे लिमिटेड स्लिप प्रकारचे घेतल्याने तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालावा लागला. तो न घातल्यास वळणावर क्लच अडखळत सुटतात आणि मागून कुरकुर ऐकू येते.

तक्रारीही नोंदवतो. मापाच्या फॉर्मवर ‘फ्लँजपर्यंतचे अंतर’ असे लिहिलेले होते, पण ते फ्लँजच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत की बाहेरच्या, हे आकृतीत स्पष्ट नव्हते, आणि फोनवर विचारावे लागले. ज्याला विचारायचे सुचणार नाही त्याचे शाफ्ट फ्लँजच्या जाडीइतके चुकतील. खोक्यात शाफ्टच्या स्प्लाइनवर टोपी किंवा कापड काहीही नव्हते. दोन शाफ्ट एकमेकांवर आपटून एका दाताच्या टोकाला कोच पडली होती आणि बारीक कानसीने ती साफ करावी लागली. शाफ्टच्या मधल्या अंगावर असा ओरखडा आला असता तर तो शाफ्ट मी परत पाठवला असता, कारण थकव्याचा तडा अशाच जागी सुरू होतो. हाउसिंगला ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याचे छिद्र पाडलेले नव्हते. तापलेल्या हाउसिंगमध्ये हवेला वाट नसेल तर ती ऑइल सीलमधून तेल ढकलते आणि ते थेट ब्रेकवर येते, म्हणून कारखान्यानेच ते पाडून द्यायला हवे होते. सांगितलेल्या वेळेपेक्षा काम उशिरा मिळाले, पण उशीर होणार हे त्यांनी आधी कळवले.

दुसरे पर्याय मी विचारात घेतले होते. फोर्डचाच ८.८ इंची अ‍ॅक्सल हलका आहे, त्यात घर्षण कमी आहे आणि एक्सप्लोरर गाडीतून निघालेला ३१ स्प्लाइनचा, डिस्क ब्रेकसह मिळणारा प्रकार हॉट रॉड बांधणाऱ्यांमध्ये योग्य कारणांनी प्रिय आहे. त्यात मूळची सी-क्लिप असते. ती काढून टाकण्याचे किट मिळते, आणि ज्याची खरेदीची मर्यादा आखडती आहे त्याने तो मार्ग जरूर पाहावा. फोर्डचा आठ इंची अ‍ॅक्सल दिसायला नऊ इंचीसारखाच, पुढून निघणाऱ्या केसचा आणि रिटेनर पट्टीचा असून वजनाला कमी आहे. सौम्य इंजिनाच्या गाडीला तो पुरेसा ठरतो. ज्यांना १९४८ पूर्वीचा मूळ फोर्ड अ‍ॅक्सल त्याच्या टॉर्क ट्यूबसह (प्रोपेलर शाफ्टला वेढणाऱ्या नळीसह) जपायचा आहे त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्या अ‍ॅक्सलच्या निमुळत्या टोकावर हब किल्लीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या पोलादी पट्टीने, बसवलेला असतो आणि नट थोडा जरी सैल राहिला तर किल्लीच्या खाचेपाशी शाफ्ट झिजून तुटतो. तेथे नट पूर्ण जोराने आवळणे आणि पुन्हा पुन्हा तपासणे याला पर्याय नाही.

गाडी आता भरपूर चालली आहे. मागून आवाज नाही, सील कोरडे आहेत, आणि सुटताना पूर्वी जाणवणारी हलकी थरथर नाहीशी झाली आहे. ती थरथर मी टायरची समजत होतो, परंतु टायर तेच आहेत, त्यामुळे ती वाकलेल्या नळीची असावी असे मानायला जागा आहे. चाके पहिल्यांदा काढून बसवल्यानंतर थोडे अंतर चालवून चाकांचे नट आणि रिटेनर पट्टीचे बोल्ट पुन्हा आवळून पाहिले, आणि कारखान्याच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक शाफ्टवर स्प्लाइनपासून फ्लँजपर्यंत रंगाची एक सरळ रेषा काढून ठेवली आहे. शाफ्ट तपासणीसाठी बाहेर काढला की ती रेषा वळली आहे का ते दिसते. वळली असेल, तर पोलादाने आपली मर्यादा ओलांडली आहे आणि शाफ्ट बदलावा. रेषा रंगाचीच असावी, सुईने ओरखडून काढू नये.

जादा शाफ्ट जवळ ठेवायचा असेल तर एक अडचण आधी समजून घ्यावी. नऊ इंची अ‍ॅक्सलमध्ये डावा आणि उजवा शाफ्ट सहसा एका लांबीचे नसतात, आणि माझ्याही गाडीत डावा लांब आहे. आखूड शाफ्ट लांब बाजूला साइड गिअरपर्यंत पुरत नाही आणि लांब शाफ्ट आखूड बाजूला आत टेकतो, म्हणून ठेवायचे तर दोन्ही ठेवावे लागतात. कारखाना मापाचे कागद सांभाळून ठेवतो आणि पुढे केव्हाही त्याच मापाचा एकच शाफ्ट बनवून देतो, असे त्यांनी लेखी दिले आहे, म्हणून मी जादा शाफ्ट न घेता बेअरिंग, कडी आणि सील यांचा एक संच घेऊन ठेवला आहे.